पोरं किती व्हावीत, हे आमच्या रक्तात लिहिलेलं नाही

(छत्रपती संभाजीनगर इथे झालेल्या आपल्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. शिबिराला येऊ न शकलेल्या गावांनी लेखी मागितलं म्हणून बोललं तसंच थोडं नीट करून दिलं आहे. गावसभेत वाचून दाखवावे.)



मी कन्नड तालुक्यातली. गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला आमची भिल्लवस्ती. बारावी झाली माझी, त्याच्या पुढं काही शिकले नाही. मी डॉक्टर नाही, वकील नाही. सकाळच्या सत्रात दाव्यांचे फॉर्म, पुरावे, मोजणी हे सगळं दादांनी सांगितलं. मला सांगितलं होतं, "तू बायकांच्या प्रश्नावर बोल." तर मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे तो ऐकून काही जण हसतील, काही जण खाली बघतील. बाईला पोरं किती होतात, का होतात, आणि त्याचा आपल्या जमिनीशी काय संबंध, हा माझा विषय आहे.

हा विषय माझ्या डोक्यात कसा आला ते आधी सांगते. मागच्या वर्षी आम्ही पाच जणी दाव्यांची चौकशी करायला एका कचेरीत गेलो. माझ्या वहिनीच्या काखेत लहान पोरगं होतं, एक पोरगी पदर धरून उभी. टेबलावरचे साहेब कागद न बघता म्हणाले, "तुमच्या लोकांना पोरंच लई. एवढी पोरं काढता, मग जंगल तोडता, मग जमीन मागता. तुमच्या जातीतच हाय ते." वहिनी काही बोलली नाही. मी पण बोलले नाही. खरं सांगते, तेव्हा माझ्याकडं उत्तरच नव्हतं. गाडीत बसून परत येताना रडू आलं, रागानं. मग मी ठरवलं की याचं उत्तर शोधायचं. आज जे सांगते ते त्या साहेबाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी माझ्याच घरापासून सुरुवात करते.

माझ्या आजीला नऊ लेकरं झाली. जगली चार. पाच कशानं गेली विचारलं तर आजी बोटं मोजायची. एक जन्मल्या जन्मल्या, एक गोवरानं, दोन हगवणीनं, एक "असंच, ताप आला अन् गेलं." माझ्या मायला सहा झाली, पाच जगलो. माझी मोठी बहीण आश्रमशाळेत राहून दहावी शिकली, विसाव्या वर्षी लग्न झालं, तिला दोन लेकरं, तिनं नंतर स्वतः ठरवून ऑपरेशन केलं. आणि माझी वहिनी, तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. शाळा तिसरीपर्यंत. दरवर्षी दिवाळी झाली की दादाबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला. तिला चार लेकरं.

आता बघा. आजी भिल्ल, माय भिल्ल, बहीण भिल्ल, वहिनी पण भिल्लच. देव तेच, बोली तीच, रक्त तेच. मग एकीला नऊ, एकीला सहा, एकीला चार अन् एकीला दोन, असं कसं? जातीतच असतं तर सगळ्यांना सारखी झाली असती. त्या साहेबाचं बोलणं माझ्या एका घरातच खोटं पडलं.

पण एका घरावरून सगळं ठरत नाही असं कुणी म्हणेल. म्हणून सरकारचेच आकडे घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणून एक मोठं सर्वेक्षण असतं. घरोघर जाऊन बायकांना विचारतात. त्यात एक आकडा काढतात, एका बाईला तिच्या उभ्या आयुष्यात सरासरी किती लेकरं होतील. त्याला एकूण जननदर म्हणतात. आपल्याला समजायला सोपं म्हणून मी दहा बाया धरते.

2005-06 साली देशातल्या दहा आदिवासी बायांना मिळून 31 लेकरं होत होती. दहा वर्षांनी, 2015-16 ला, 25. आणि 2019-21 च्या सर्वेक्षणात 21. म्हणजे पंधरा वर्षांत दहा लेकरं कमी झाली. सगळ्या देशाचा आकडा याच काळात 27 वरून 20 वर आला. आता आदिवासी बाई आणि देशातली सरासरी बाई यांच्यात दहा बायांमागं एका लेकराचा फरक राहिलाय. एका लेकराचा! आणि त्याच्यावरून आपल्याला कचेरीत ऐकवतात.

पुढं बघा. याच सर्वेक्षणात शाळेप्रमाणं आकडे काढले. जी बाई शाळेतच गेली नाही, मग ती कुठल्याही जातीची असो, अशा दहा बायांना 28 लेकरं. बारावी आणि त्याच्या पुढं शिकलेल्या दहा बायांना 18. गरिबीप्रमाणं काढलं तर सगळ्यात गरीब घरांत दहा बायांना 26, सगळ्यात श्रीमंत घरांत 16. म्हणजे जातीजातीतला फरक लहान आहे आणि शाळेचा, गरिबीचा फरक मोठा आहे. आदिवासी बाईला जास्त पोरं होत असतील तर ती आदिवासी आहे म्हणून कमी, आणि तिच्या वस्तीला शाळा नाही, घरात दाणा नाही म्हणून जास्त. हेच मुसलमान बायांबद्दल पण खरं आहे. या शहरात आपण बसलोय म्हणून सांगते. त्यांच्याबद्दल तर रोज बोलतात, पोरं लई म्हणून. पण त्यांचा आकडा 1992-93 च्या सर्वेक्षणात दहा बायांना 44 होता, तो आता 24 वर आलाय. सगळ्यांपेक्षा जोरात उतरलाय. म्हणून आपल्याला जे बोलतात तेच आपण दुसऱ्या गरिबाला बोलायचं नाही.

आणखी एक उदाहरण. ईशान्येला मेघालय, मिझोराम, नागालँड ही राज्यं आहेत. तिथं बहुसंख्य लोक आदिवासीच. मेघालयात दहा बायांना 29 लेकरं. मिझोराममध्ये 19. नागालँडमध्ये 17, म्हणजे आपल्या महाराष्ट्राएवढीच, महाराष्ट्राचा आकडा पण 17 आहे. तिन्ही राज्यं आदिवासींची, पण आकडे तीन. मग "आदिवासी" या शब्दात पोरांचा आकडा कुठं लिहिलाय, दाखवा.

आता कुणी विचारेल, मग चालीरीतीचा काहीच संबंध नाही का? तसं मी म्हणत नाही. संबंध आहे. पण तो एकाच बाजूचा नाही, दोन्ही बाजूंचा आहे.

आपल्या जुन्या बायका लेकराला दोन-दोन, तीन-तीन वर्षं अंगावर पाजायच्या. पूर्ण अंगावरचं दूध चालू असलं की पहिले काही महिने बहुतेक बायांना पाळी येत नाही, दिवस राहत नाहीत. हे आता डॉक्टर पण मानतात. पहिल्या बाळंतपणानंतर बाई बरेच महिने माहेरी राहायची. त्यानं पण पाळणा लांबायचा. सरकारनं "पाळणा लांबवा" भिंतीवर लिहिण्याच्या आधी आपल्या आज्या तेच करत होत्या. दुसरं, आपल्यात मुलीचं ओझं मानत नव्हते. देज मुलाकडून मुलीच्या बापाला जायची. बाई विधवा झाली तर पाट लागायचा. म्हणून पोरगी झाली म्हणून लगेच पुढचं लेकरू, असं कमी होतं. पोटातच पोरगी मारायचं तर नव्हतंच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं 894 मुली होत्या. बीड जिल्ह्यात 807. देशातल्या आदिवासींमध्ये मात्र 957. हे आपल्या चालीरीतीचं चांगलं.

आणि वाईट पण सांगते, कारण घरच्या शिबिरात लपवून काय करायचं? लहान वयात लग्न लावतो आपण. पोरगी चौदा-पंधराची झाली की "नजर लागंल, पळून जाईल" म्हणून उजवतो. लवकर लग्न म्हणजे लवकर बाळंतपण, आणि पोरं होण्याची वर्षंच जास्त. आता आपल्यात पण हुंडा आलाय, वरच्या जातींचं बघून. मुलगाच पाहिजे हे पण आलंय. माझ्या वहिनीला तीन पोरी झाल्या, चौथा पोरगा झाला तेव्हा थांबली. आजीच्या काळात असं पोरासाठी थांबायची पद्धत नव्हती. म्हणजे वहिनीच्या चार लेकरांतली दोन तरी या नव्या रीतीनं झाली. ही रीत आदिवासींची नाही. आपण ती बाहेरून उसनी आणली.

आता "आदिवासींची लोकसंख्या फार वाढली" या बोलण्याकडं येते. कागद काढून दाखवतात, 1971 साली महाराष्ट्रात आदिवासी साडेएकोणतीस लाख होते, 1981 साली पावणेअठ्ठावन्न लाखांच्या आसपास. दहा वर्षांत दुप्पट! आता तुम्हीच सांगा, दहा वर्षांत माणसं दुप्पट होतील एवढी पोरं कुठल्या बाईला होतात? कुत्र्यामांजराला पण होणार नाहीत. झालं काय होतं, 1976 पर्यंत आदिवासीपणाला हद्द होती. ठराविक तालुक्यात राहिलात तर तुम्ही अनुसूचित जमात, हद्द ओलांडली की नाही.  1976 च्या कायद्यानं ती हद्द निघाली. मग जी माणसं आधीपासून होती ती यादीत आली. आणि हे पण सांगितलं पाहिजे की त्याच दारातून नावाच्या सारखेपणाचा फायदा घेऊन बोगस लोक पण आत घुसले. म्हणजे आकडा फुगला तो कागदावर. बाळंतिणीच्या खाटेवर नाही.

आपल्या जिल्ह्यात आपण शंभरात चारच्या आसपास आहोत. भिल्ल, ठाकर, कोळी महादेव सगळे धरून. शंभरातल्या चार माणसांच्या पोरांनी जिल्ह्याचं जंगल खाल्लं म्हणायचं? आपल्या वस्त्या तिथं होत्या, मग 1986 साली गौताळा औट्रमघाट अभयारण्य झालं. औट्रम हा इंग्रज साहेब भिल्लांना ताब्यात आणायला आला होता, त्याचं नाव घाटाला राहिलं. तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या भिल्लाचं नाव सातबाऱ्याला पण नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बाया जास्त लेकरं का घालतात?

मी आजीला एकदा विचारलं होतं, "आजी, नऊ कशाला गं?" आजी म्हणाली, "कोणतं राहील हे मला काय ठाव होतं?" याच्यात सगळं आलं. ज्या आईला भरवसा नाही की आपलं लेकरू पाच वर्षांचं होईल, ती दोनावर थांबत नाही. थांबायची हिंमतच होत नाही.

आता आकडे बघा. 2005-06 ला आदिवासींच्या जन्मलेल्या हजार लेकरांतली 96 लेकरं पाच वर्षांच्या आत जात होती. 2015-16 ला 57. 2019-21 ला 50. आणि मघाशी सांगितलेला पोरांचा आकडा याच वर्षांत 31, 25, 21 असा उतरला. लेकरं जगायला लागली तशी बायांनी कमी लेकरं घातली. कुणी बंदूक घेऊन उभं राहिलं नव्हतं. पण अजून पण देशाची सरासरी हजारात 42 आहे अन् आपली 50. म्हणजे आपली आठ लेकरं जास्त मरतात. ज्या साहेबाला आपली पोरं जास्त दिसतात त्याला ही मेलेली पोरं दिसत नाहीत.

हे कमी करता येतं. गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995 पासून गावातल्याच बायकांना शिकवलं, नव्या बाळाला गरम कसं ठेवायचं, श्वास कसा बघायचा, न्युमोनिया कसा ओळखायचा. तीन वर्षांत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायांनी ते केलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासते, ती पद्धत त्याच्यातूनच आली. आता आपल्या वस्तीवर आशाताई किती वेळा येते, ते तुम्ही आपापल्या मनात मोजा. ताईला पण दोष देत नाही, तिला पाच वस्त्या, रस्ता नाही, पैसे वेळेवर नाहीत.

आणि आणखी एक अन्याय. 2015 पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आदिवासी बाईला अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण. पण ती फक्त अनुसूचित क्षेत्रात. मराठवाड्यात अनुसूचित क्षेत्र म्हणजे नांदेडचा किनवटकडचा भाग तेवढा. आपला जिल्हा त्यात नाही. म्हणून आपल्याला पेसा पण नाही, अमृत आहार पण नाही. किनवटच्या आदिवासी बाईच्या पोटाला भूक लागते आणि कन्नड-सोयगावच्या आदिवासी बाईच्या पोटाला लागत नाही का?

दुसरं कारण कोयता. जमीन नाही, पट्टा नाही, म्हणून उचल घ्यायची. मुकादम एकट्याला उचल देत नाही. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको. मग सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं लग्न लावायचं, जोडी करायची, उचल घ्यायची. पोरगी मागं वस्तीवर कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून पण लग्न. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर बायांतल्या बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड आणि परभणीत तर शंभरात चाळीसहून जास्त. ही ऊसतोडीचीच गावं आहेत. तिथं फक्त आदिवासी नाहीत. बंजारा आहेत, दलित आहेत, मराठा पण आहेत. सगळ्यांना पोरींची लग्नं लवकर लावावी लागतात. याला चालरीत म्हणायचं की पोटाची रीत?

फडात बाळंतपण होतं. कोपीत बाळ ठेवून आई मोळ्या उचलते. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा, खाड्याचा दंड. म्हणून बाया पिशवीच काढून टाकतात. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी सरकारच्या समितीनं केली. सुमारे 82 हजार बायांत 13 हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बाया. एकाच बाईला आधी पंधराव्या वर्षी आई करायचं आणि तिसाव्या वर्षी पिशवी काढायची. मधल्या पंधरा वर्षांत तिला कुणी विचारलं का, बाई तुला काय पाहिजे?

विचारलं नाही. आणि सरकारनं पण कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना आणीबाणी आठवत असेल. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. मास्तरला, तलाठ्याला केसेसचा कोटा. गरीब, दलित, मुसलमान, आदिवासी, जो सापडेल तो. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. पुढं 2014 साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत 83 बायांची ऑपरेशनं केली, 13 बाया मेल्या. 2016 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अशी नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा.

आणि त्याच छत्तीसगडमध्ये उलटं पण झालं. बैगा आणि अशा काही लहान जमाती नष्ट होतील म्हणून 1979 च्या सरकारी आदेशानं त्यांच्या नसबंदीला मनाई होती. सात-आठ लेकरं झालेली बैगा बाई दवाखान्यात जाऊन म्हणायची, बास आता, ऑपरेशन करा. तर म्हणायचे, तू बैगा आहेस, करता येत नाही. शेवटी बैगा लोकच हायकोर्टात गेले, 2018 साली ती मनाई उठली. बघा, एकीला धरून करायचं, एकीला मागूनही करायचं नाही. दिसायला उलट, पण गोष्ट एकच. ठरवणारा दुसराच.

हे फक्त आपल्या देशात नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात 1996 ते 2000 मध्ये अडीच लाखांहून जास्त बायांच्या नसबंद्या केल्या, बहुतेक तिथल्या आदिवासी क्वेचुआ बाया. बर्फाच्या ग्रीनलँड देशात 1960 च्या दशकात डेन्मार्क सरकारच्या डॉक्टरांनी हजारो आदिवासी बायांना, शाळेतल्या पोरींना पण, न विचारता तांबी बसवली. साठ वर्षांनी, 2025 साली, डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी त्या बायांची माफी मागितली. त्या बायांनी तोंड उघडलं म्हणून माफी मिळाली. म्हणून मी पण आज तोंड उघडलंय.

आता आपल्या गावातली गोष्ट. ही सगळ्यांनी नीट ऐका, याच्यात उपयोग आहे.

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत अनुसूचित जमातीच्या बाईसाठी एक जागा राखीव निघाली. आमच्या वस्तीनं ठरवलं, वहिनी उभी राहील. वहिनी कमी शिकलेली, पण बोलायला खडखडीत. दावे गोळा करताना तिनं दोन वर्षं पायपीट केली. फॉर्म भरला. छाननीत बाद. का? चार लेकरं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणं 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त लेकरं झाली तर निवडणुकीला उभं राहता येत नाही. सरकारी नोकरीला पण 2005 च्या लहान कुटुंबाच्या नियमानं हीच अट.

विचार करा. पंधराव्या वर्षी तिचं लग्न कुणी लावलं? शाळा कुणी दिली नाही? फडात कुणी पाठवलं? पोरगा पाहिजे म्हणून कोण अडून बसलं? याच्यातलं एक पण तिनं ठरवलं नाही. शिक्षा मात्र तिला. पंचायतीतून बाहेर तीच. हिमाचल, मध्य प्रदेश, हरियाणा या राज्यांनी ही अट कधीच काढून टाकली. आंध्रनं 2024 साली काढली. आता तर मोठमोठे पुढारी भाषणात सांगायला लागलेत, लोकसंख्या कमी होतेय, तीन लेकरं घाला. म्हणजे काल दोनावर शिक्षा, आज तिनाचं बक्षीस. आमचं पोट म्हणजे तुमची टाकी आहे का, पाहिजे तेव्हा तोटी चालू, पाहिजे तेव्हा बंद?

पण उपयोगाची गोष्ट ही की ती अट ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात लेकरांची अट कुठंही नाही. चार लेकरं असोत नाहीतर आठ, तुमचा दावा त्याच्यावरून कुणी नाकारू शकत नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा पाहिजे, चार हेक्टरपर्यंत मिळते, एवढंच. कलम 4 सांगतं की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं पाहिजे. एकटी बाई असली तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात एक तृतीयांश बाया, आणि तिथं बसायला पण पोरांची अट नाही. दाव्यांच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आज माझी वहिनी पंचायतीत नाही, पण वनहक्क समितीत आहे. ग्रामसेवक तिला विचारल्याशिवाय कागद हलवत नाही.

आता भावांना दोन शब्द. राग मानू नका. देशात लग्न झालेल्या शंभर बायांतल्या 38 जणींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय. पुरुषांचं शंभरात एक पण नाही. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पोट फाडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी. पण "कमजोरी येते" म्हणता. कमजोरी येत नाही. माझ्या मायला टाके पडल्यावर आठव्या दिवशी मोळी आणायला पाठवलं होतं, तेव्हा तिच्या कमजोरीचा विचार कुणी केला नव्हता. आपण संघटनेत म्हणतो, जमीन आमची, निर्णय आमचा. मग बाईचं शरीर तिचं, निर्णय तिचा, हे पण म्हणा की. एक म्हणायचं अन् दुसरं नाही, असं चालणार नाही.

मी कुणाला सांगत नाही की दोनच पोरं घाला. कमी घाला असं पण सांगत नाही, जास्त घाला असं पण नाही. जिला एक पाहिजे तिला एक, जिला तीन पाहिजेत तिला तीन. मूल होत नाही तिला वांझ म्हणून हिणवायचं नाही. पण तिनं ठरवावं, आणि ठरवता येईल असं तिचं जगणं पाहिजे. लेकरू जगेल याचा भरवसा, शाळा, दवाखाना आणि पायाखाली स्वतःच्या नावाची जमीन. हे असलं तर बाई काय ते बरोबर ठरवते. माझ्या बहिणीनं ठरवलंच.

शेवटी, प्रत्येक गावानं घरी जाऊन करायच्या गोष्टी.

एक. पुढच्या गावसभेत ठराव घ्या की आपल्या वस्तीत अठराच्या आत पोरीचं आणि एकवीसच्या आत पोराचं लग्न लावणार नाही. उचलीसाठी पोरीचं लग्न तर नाहीच.

दोन. गेल्या पाच वर्षांत वस्तीत किती लेकरं जन्मली आणि किती गेली, कशानं गेली, याची यादी गावानंच करायची. आशाताईला, अंगणवाडीताईला बरोबर घ्या. यादी संघटनेकडं द्या. अनुसूचित क्षेत्राच्या बाहेरच्या आदिवासी बायांना पण अमृत आहार द्या, ही मागणी त्या यादीसकट विभागीय आयुक्तांकडं न्यायची आहे.

तीन. ज्यांचे पट्टे आलेत त्यांनी कागद काढून बघा, बायकोचं नाव आहे का. नसलं तर अर्ज करा. नमुना संघटनेकडं आहे.

चार. वनहक्क समितीत बाया नुसत्या सहीला नकोत. बैठक बायांना येता येईल अशा वेळी घ्या, स्वयंपाकाच्या वेळी नको.

पाच. पंचायत निवडणुकीतली दोन लेकरांची अट काढा म्हणून प्रत्येक गावचा ठराव आमदाराकडं पाठवा.

आणि कुठल्या कचेरीत कुणी म्हणालं, "तुमच्या जातीतच पोरं लई," तर माझ्यासारखं गप्प बसू नका. शांतपणे सांगा, साहेब, पंधरा वर्षांत आमची दहा बायांमागं दहा लेकरं कमी झाली, तुमच्या टेबलावरचा आमचा कागद मात्र तिथंच आहे, तो पुढं सरकवा.

एवढं बोलून थांबते. चुकलं असेल तर जाणत्यांनी सांगावं. जोहार. जिंदाबाद.